होटगीच्या बाकावरची केसरबाई

१

होटगी स्टेशनच्या फलाटावर, पाण्याच्या नळाशेजारच्या बाकावर एक आंधळी म्हातारी एकटीच बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, खांद्यावर शाल, तोंड रुळांकडे. कुणीतरी तिला रिक्षातून तिथं आणलं होतं, बाकावर बसवलं होतं आणि एक शब्दही न बोलता तिथून काढता पाय घेतला होता.

ॲडव्होकेट धम्मप्रिया सरवदे फलाटावर पोचली तेव्हा नोव्हेंबरातलं ऊन अजून कोवळं होतं. तिच्या नवी पेठेतल्या ऑफिसात सकाळीच फोन आला होता. तो घेतला महिपतीनं, म्हणजे तिच्या जुन्या कारकुनानं. पलीकडचा आवाज दबका होता, तोंडावर कापड धरून बोलल्यासारखा. बाईचा की बाप्याचा, महिपतीला सांगता येईना. निरोप मात्र स्पष्ट होता. होटगीला फलाटावर एक आंधळी आजी बसून आहे, पोलिसांना नको, सरवदे वकीलबाईंनाच पाठवा.

म्हाताऱ्या माणसांची आणि अपंगांची प्रकरणं धम्मप्रिया वकिली सुरू केल्यापासून चालवत आली होती. तिचे वडील सोलापूरच्या एका गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले. पुढं घराच्या एका भांडणात ते कोर्टात उभे राहिले, तेव्हा त्यांना प्रश्नच ऐकू आला नाही, आणि त्यांचं गप्प राहणं कबुली म्हणून धरलं गेलं. शाळेतल्या धम्मप्रियानं ते मागं बसून पाहिलं होतं. त्या दुपारनंतर तिला दुसरं काही व्हावंसं वाटलंच नाही. बरोबरीचे वकील मोठमोठ्या दाव्यांवर गेले, ही मात्र कुणाला पेन्शन, कुणाला अपंगाचा दाखला, कुणाला मुलाच्या घरात एक कोपरा मिळवून देत राहिली. काम कधी संपलं नाही आणि त्याचं पुढं काय झालं ते बहुतेक वेळा कळलंही नाही.

ती बाकाशी आली तशी म्हातारीनं मान वळवली.

"डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय की तुमच्या," ती म्हणाली. "घासटत चालताय. पडशीला बाई."

अंगठा खरंच तुटला होता आणि धम्मप्रियानं तो पिनेनं अडकवला होता. ती हसली आणि शेजारी बसली.

म्हातारीचं नाव केसरबाई चवरे. नवरा रेल्वेत गँगमन होता. त्याच्या नोकरीची सगळी वर्षं या होटगीतच, रेल्वेच्या क्वार्टरात गेली होती. नंतर सोलापुरात छोटं घर बांधलं, ते त्यानं बायकोच्या नावावर केलं. नवरा गेला, मग काचबिंदूनं डोळे गेले. आता घरात मुलगा सयाजी आणि सून वैजयंती. आज सयाजी तिला पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यासाठी नेणार होता. तो गाडी आणायला बाहेर पडला, सून कामाला गेली, आणि थोड्या वेळानं कुणीतरी घरात आलं. त्यानं तिच्या हातात पिशवी दिली. तिला वाटलं, सयाजीनंच माणूस धाडला.

"कोण होता, काही अंदाज?" धम्मप्रियानं विचारलं.

"न्हाय बाई. तोंडच उघडलं न्हाय त्यानं. त्याच्या कोपराला धरून गल्लीच्या तोंडापत्तूर आले. पायरी आली की थांबायचा. रिक्षात बसलो, हितं उतरलो. बास."

धम्मप्रिया तिला उठवू लागली तेवढ्यात फलाटावरच्या चहाच्या टपरीतून निंगव्वा पुढं आली. फोन तिच्याच मोबाइलवरून झाला होता. मोबाइल मागणाऱ्याच्या डोक्यावर टोपी होती, तोंडाला रुमाल होता, अंगात ढगळ शर्ट होता. पाठ फिरवून तो हळू आवाजात बोलला आणि मोबाइल परत देऊन बाजूला झाला.

"बाप्याच असंल. शर्ट व्हता की," निंगव्वा म्हणाली. मग तिनं फलाटाच्या टोकाकडं बोट केलं. "पर तो गेला न्हवता बगा. तितं त्या खांबाआड हुबा व्हता. तुमी येऊन आजीजवळ बसलाव, मग गेला."

२

केसरबाईनं त्या दिवशी घरी जायचं नाव काढलं नाही. धम्मप्रियानं पोलिस ठाण्यात म्हातारी सुखरूप असल्याचं कळवलं आणि तिला आपली मैत्रीण शिवलीला हिच्याकडं नेलं. शिवलीला जन्मापासून अंध, अंधशाळेत शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. दोघी म्हाताऱ्यांचं पहिल्याच चहाला जमलं.

दुसऱ्या दिवशी सयाजी नवी पेठेतल्या ऑफिसात आला. केसरबाईलाही तिथं आणलं होतं. खालच्या कापडदुकानाची गर्दी ओलांडून जिन्यावर पावलं वाजायला लागली, तशी ती कान देऊन बसली.

"म्होरं सयाजी हाय," ती म्हणाली. "मागं नवनाथ, माझ्या दिराचा ल्योक. त्येच्या कंबरंला किल्ल्यांचा जुडगा असतुया." आणखी एक पाऊल जिन्यावर वाजलं. केसरबाईनं ते ऐकलं, पदर नीट केला आणि ती काही बोलली नाही.

तिसरी वैजयंती होती. ती दाराशीच उभी राहिली.

सयाजी पस्तिशी ओलांडलेला, दमल्या चेहऱ्याचा माणूस. आल्या आल्या त्यानं आईचं मनगट धरलं आणि तिला ओढून उठवायला लागला. केसरबाईचा तोल गेला. नवनाथनं मागून तिचे खांदे धरले आणि "चला काकू" म्हणत तिला पुढं ढकललं. धम्मप्रियानं दोघांना थांबवलं आणि खुर्च्या दाखवल्या. वैजयंती जागची हलली नव्हती, पण सासूचा तोल गेला तेव्हा तिचा हात चौकटीवर आवळलेला धम्मप्रियाला दिसला.

सयाजीचं म्हणणं होतं की आईला कुणी पळवलेलं नाही, तिला भ्रम होतो, ती आपली आपण बाहेर पडली आणि आता वकीलबाई तिच्या डोक्यात भरवतायत. धम्मप्रियानं ते ऐकून घेतलं. मग तिनं साधेच प्रश्न विचारले. आई कुठली औषधं घेते? सयाजी म्हणाला, घेते कसल्यातरी गोळ्या. काल सकाळी तुम्ही कुठं होतात? तो नवनाथकडं जीप आणायला गेला होता. परत आला तर घर रिकामं. मग दोघं दुपारपर्यंत तिला शोधत फिरले.

नवनाथचं याच पेठेत प्लॉट आणि फ्लॅटच्या व्यवहाराचं दुकान होतं. तो मघापासून घड्याळ बघत होता. सयाजी बोलता बोलता अडखळला तसा तो मध्ये पडला. त्याच्या मते हे सगळं फुकटचं लांबण होतं.

"काल साक्षीदार घेऊन बसलो होतो तिथं," तो वैतागून म्हणाला. "रजिस्ट्रीचा नंबर लावलेला, तो गेला. आता परत सगळं आलं की."

सयाजीनं त्याच्याकडं पाहिलं. नवनाथनं जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

धम्मप्रियानं पेन खाली ठेवलं. "नवनाथराव," ती शांतपणे म्हणाली, "हयातीच्या दाखल्याला रजिस्ट्री कशाला लागते?"

३

उत्तर समजायला वकील असायची गरज नव्हती. पेन्शनीचा अंगठा म्हणून केसरबाईचा अंगठा घराच्या बक्षीसपत्रावर घ्यायचा बेत होता. जागा बिल्डरकडं जाणार, तिथं इमारत उठणार आणि सयाजीला त्यात फ्लॅट मिळणार. अंगठा देणाऱ्या आंधळ्या बाईला त्यातलं काही कळणार नव्हतं.

महिपतीच्या लेखी प्रकरण तिथंच सुटलं. घर पाहिजे होतं, म्हातारी नको होती, म्हणून मुलानं तिला होटगीला नेऊन सोडलं. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आईला असं टाकून देणाऱ्याला तुरुंग आहे. त्यानं तक्रारीचा मसुदा टाइपही करून ठेवला. घर वाचवण्यासाठी केसरबाईचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढं, म्हणजे ज्येष्ठांच्या न्यायाधिकरणापुढं, त्याच दुपारी दिला होता आणि आठवड्याभरात सुनावणी होती.

धम्मप्रियानं मसुदा वाचला आणि बाजूला सारला. तिला तो पटत नव्हता.

संध्याकाळी ती शिवलीलाच्या ओसरीवर बसली आणि मनातलं एकेक बाहेर काढू लागली. ज्याला काल केसरबाईचा अंगठा हवा होता, तो तिला कालच घरातून कसा घालवील? अंगठा घेतल्यावर घालवली असती तर गोष्ट वेगळी. म्हणजे सयाजी नव्हे आणि नवनाथही नव्हे. उलट ज्यानं तिला नेलं, त्यानं तो अंगठा चुकवला. आणि टाकून देणारा माणूस खांबाआड थांबून कुणी न्यायला येतंय का हे बघत बसत नाही.

मग होटगीच का? सोलापूरचं मोठं स्टेशन जवळ होतं. पण केसरबाईचा संसार होटगीत झाला होता. त्या फलाटाचे आवाज तिच्या ओळखीचे होते. डोळे नसलेल्या बाईला एकटीला बसवायचं आणि ती घाबरू नये असं वाटत असेल, तर तीच जागा सुचेल. ते सुचायला तिच्याविषयी माया हवी.

पिशवीही तेच सांगत होती. त्यात दोन लुगडी होती, मिश्रीची डबी होती आणि काचबिंदूच्या थेंबांची बाटली होती. बाटली गार राहावी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली होती. सयाजीला तर आई थेंब घेते हेही ठाऊक नव्हतं.

"हे थेंब तुम्हाला कोण घालतं?" शिवलीलानं केसरबाईला विचारलं.

"हुतंय की कसंतरी," केसरबाई म्हणाली आणि तिनं चहाची बशी तोंडाला लावली.

शिवलीलानं तिला तो प्रवास पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावला. केसरबाईनं सांगितला. कोपर धरून चालल्याचं आलं तसा शिवलीलाचा हात तिच्या मनगटावर येऊन थांबला.

"तुम्ही त्याचं कोपर धरलंत, की त्यानं तुमचा हात?"

"म्याच धरलं. त्यानं कोपर म्होरं केलं, माझ्या हाताला लावलं. मग तो अर्धं पाऊल म्होरं आन् मी मागं."

आयुष्यभर लोकांनी शिवलीलाला ओढलं होतं, ढकललं होतं, काखेत हात घालून उचललं होतं. सगळ्यांचा हेतू चांगलाच असायचा. पण आंधळ्या माणसाला आपलं कोपर द्यायचं, अर्धं पाऊल पुढं चालायचं आणि पायरीला थांबायचं, हे आपोआप कुणाला येत नाही.

"प्रिया, हे कुणीतरी शिकवल्याशिवाय येत नाही," ती म्हणाली. "आणि आपल्या जिल्ह्यात हे शिकवत कोण फिरत होतं, आठवतंय?"

धम्मप्रियाला आठवत होतं. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात त्या दोघी एसटीनं गावोगावच्या कॉलेजांत जायच्या. धम्मप्रिया कायदा सांगायची, शिवलीला पोरींच्या डोळ्यांवर ओढण्या बांधून त्यांना एकमेकींना चालवायला लावायची. पोरी खिदळायच्या. शिक्षक चहापाण्याची घाई करायचे. कुणी प्रश्न विचारायचं नाही. काही वर्षांनी दोघींनी ते बंद केलं. वाळूत पाणी ओतल्यासारखं झालं, असं धम्मप्रिया तेव्हा म्हणाली होती आणि तिनं तो विषय पुन्हा काढला नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सयाजी घरी नसेल अशा वेळी ती चवऱ्यांच्या घरी गेली. वैजयंती कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत आली होती. शाळेच्या गणवेशांच्या एका कारखान्यात ती कापणीवर होती. तिनं पाणी दिलं, विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली. सासूशी तिचा दोन वर्षांपासून अबोला होता. ती कामाला जायला लागली तेव्हा सासू म्हणाली होती, माझ्याकडं कोण बघणार. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि मग दोघींनी बोलणंच सोडलं. घरात ती मुकाट्यानं कामं करायची, सासू मुकाट्यानं जेवायची.

धम्मप्रिया निघाली. अंगणात येता येता तिनं एकदम डोळ्यांवर रुमाल दाबला आणि कचरा गेला असं म्हणाली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली आहे, तिथवर सोडता का?

वैजयंती पुढं आली. तिचं कोपर हलकेच धम्मप्रियाच्या हाताच्या पाठीला टेकलं. धम्मप्रियानं ते धरलं. वैजयंती अर्धं पाऊल पुढं चालू लागली आणि उंबऱ्याच्या पायरीशी येऊन थांबली.

धम्मप्रियानं रुमाल काढला. तिचे डोळे खरंच ओले झाले होते, पण ते कचऱ्यानं नव्हे.

"तुमचं माहेर कुठलं?" तिनं विचारलं.

वैजयंतीनं आपल्या कोपराकडं पाहिलं, मग वकीलबाईंच्या चेहऱ्याकडं. आपण काय करून बसलो ते तिला कळलं. ती पायरीवर मटकन बसली.

"वेळापूर," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. कॉलेजात असताना एक वकीलबाई आणि एक आंधळ्या बाई आल्या होत्या. तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली गेली होती आणि मैत्रिणीनं तिला ओढत नेलं तशी ती भीतीनं रडली होती. मग त्या आंधळ्या बाईंनी स्वतःचं कोपर तिला दिलं आणि पूर्ण मैदान फिरवून आणलं. ते ती विसरली नव्हती. वकीलबाईंचं नावही विसरली नव्हती. नवनाथ आणि सयाजी स्वयंपाकघराबाहेर बोलत होते तेव्हा तिनं सगळं ऐकलं. अंगठा घ्यायचा, मग म्हातारीला लांबच्या कुठल्याशा आश्रमात ठेवायचं. नवऱ्यापुढं बोलायची तिची छाती नव्हती. बोलली असती तर त्यानं तिलाच घराबाहेर काढलं असतं, असं एकदा झालंही होतं. सासूला सांगावं तर ती लगेच मुलाला विचारणार. ऑफिसात आणावं तर नवी पेठेत नवनाथचं दुकान. म्हणून कामावरच्या एकीच्या भावाची रिक्षा ठरवली, नवऱ्याचा शर्ट चढवला, बांगड्या काढल्या आणि तोंड बांधून घेतलं. बोलली असती तर सासूनं ओळखलं असतं.

"आत्यांना कळलं नाही ना, मॅडम? त्यांना नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना वाटंल, मी घालवायलाच बसले होते."

धम्मप्रिया तिथून सरळ शिवलीलाकडं आली. रिक्षात तिच्या मनात एक गोष्ट घोळत होती. जी बाई चपलेच्या तुटक्या अंगठ्याचा आवाज ओळखते, जिन्यावरच्या किल्ल्यांवरून पुतण्या ओळखते, तिला आपल्या शेजारी बसून होटगीपर्यंत आलेल्या माणसाविषयी काही म्हणजे काहीच सांगता आलं नव्हतं. ना वास, ना चाल, ना श्वास. आणि काल जिन्यावरच्या तिसऱ्या पावलाचं नाव तिनं घेतलं नव्हतं.

केसरबाई ओसरीवर शेंगा सोलत होती.

"आजी," धम्मप्रिया जवळ बसून म्हणाली, "तुम्ही तिला घरातच ओळखलं होतं."

केसरबाईचे हात थांबले.

"दोन वर्सं बोलली न्हाय ती माझ्यासंग," ती हळू आवाजात म्हणाली. "पर सकाळ-संध्याकाळ येऊन माझ्या डोळ्यात थेंब टाकती. एक दीस चुकला न्हाय. तो हात म्या वळखणार न्हाय व्हय? तिनं पिशवी हातात दिली तवाच कळलं. म्हनलं, पोरगी नेती तिकडं जावं. कायतरी बगितलं असंल तिनं."

"मग मला का सांगितलं नाहीत?"

"सयाजीला कळलं तर तिला हाकलून देईल की. म्हातारीचं काय, कुटंबी बसंल. तिनं कुटं जायाचं?"

५

सुनावणीच्या दिवशी धम्मप्रिया काळा कोट घडी करून ऑफिसातच ठेवून आली. या न्यायाधिकरणापुढं वकिलाला वकील म्हणून उभं राहता येत नाही, म्हणून ती ज्येष्ठांच्या संस्थेची प्रतिनिधी म्हणून केसरबाईशेजारी बसली. तिच्यापुढं अडचण होती. आईला होटगीला सोडल्याचा संशय सयाजीवर होता. गप्प राहिलं तर त्यानं न केलेल्या गुन्ह्याचं बालंट त्याच्यावर येणार, आणि खरं सांगितलं तर वैजयंतीचं घर जाणार. बक्षीसपत्राबद्दल तिनं मांडलं. ते नवनाथच्या तोंडूनच निघालं होतं, सयाजीला ते नाकारता आलं नाही. तो मान खाली घालून उभा राहिला. पण आईला टाकलं मात्र नाही, एवढं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता.

प्रांतसाहेब केसरबाईकडं वळले. आवाज चढवून, शब्द तोडून त्यांनी विचारलं, की आजी, तुम्हाला होटगीला कुणी सोडलं?

केसरबाई म्हणाली, तिला ठाऊक नाही.

साहेबांनी लिहायला पेन उचललं. तेवढ्यात मागच्या भिंतीशी खुर्ची सरकली. वैजयंती उभी राहिली होती.

"मी नेलं," ती म्हणाली. "ह्यांचा काही संबंध नाही. ह्यांचा शर्ट घालून मी आत्यांना तिथं नेऊन सोडलं."

सयाजी गर्रकन वळला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हे कबूल करणं म्हणजे काय, हे तिला समजतंय का, असं विचारलं. धम्मप्रिया उठायच्या आत केसरबाई काठी टेकून उभी राहिली.

"सोडलं न्हाय, सायेब," ती म्हणाली. "पोचवलं. सोडणारा मागं वळून बगत न्हाय. ही माझी वकीलबाई येईस्तवर खांबाआड हुबी व्हती."

धम्मप्रियानं निंगव्वाची साक्ष, थेंबांचा डबा, होटगीची निवड असं एकेक मांडलं. साहेबांनी ऐकून घेतलं. घराचा कुठलाही व्यवहार केसरबाईचं म्हणणं न्यायाधिकरणानं स्वतः ऐकल्याशिवाय होऊ नये, असा आदेश त्यांनी दिला आणि तो निबंधक कार्यालयाला कळवायला सांगितलं. सयाजीकडून लेखी हमी घेतली. सुनेविरुद्ध कारवाईचं काही कारण त्यांना दिसलं नाही. नवनाथ त्याआधीच जिना उतरून गेला होता.

बाहेर व्हरांड्यात सयाजी बायकोच्या अंगावर धावून जायच्या बेतात होता. केसरबाईनं काठी आडवी धरली. काठी नेमकी त्याच्या छातीला लागली.

"सयाजी, घर कुणाच्या नावावर हाय?"

त्यानं काठी बाजूला सारायला हात उचलला आणि खाली घेतला.

"माझ्या. आन् माझ्या घरात माझी सून ऱ्हाती. तुला ऱ्हायाचं असंल तर ऱ्हा." मग तिचा आवाज उतरला. "फ्लॅट पायजे व्हता तर मला सांगायचा व्हतास की रं. म्या कदी न्हाय म्हनले तुला? असं अंदारात अंगठा का मागायचा?"

सयाजी व्हरांड्याच्या कठड्याला टेकला आणि लहान मुलासारखा रडला. वैजयंती त्याच्याजवळ गेली नाही. ती सासूजवळ गेली आणि तिनं कोपर पुढं केलं. केसरबाईनं ते धरलं नाही. तिनं हात चाचपत वर नेला, सुनेचा चेहरा दोन्ही तळव्यांत घेतला आणि बोटांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहून घेतला. डोळे गेले ते सून घरात यायच्या आधी. तिनं सुनेला कधी पाहिलंच नव्हतं.

"नाक सरळ हाय की गं तुझं," ती म्हणाली. दोन वर्षांतले पहिले शब्द. वैजयंती रडत रडत हसली.

धम्मप्रिया थोडं लांब उभी होती. शिवलीलाला फोन लावावा म्हणून तिनं मोबाइल काढला होता, पण तिला तो लावता येईना. वेळापूरच्या मैदानावर खिदळणाऱ्या पोरींतली एक घाबरून रडली होती, एवढंच तिला आठवत होतं. ती कोण, पुढं तिचं काय झालं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आणि त्या पोरीनं ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. कुणाचे आभार मानावेत हे धम्मप्रियाला कळेना. शिवलीलाचे, त्या पोरीचे, की त्या एसट्यांचे, ज्यांनी त्यांना फुकट वाटणारे ते प्रवास घडवले. ती तिथंच भिंतीला टेकली आणि तिनं शेवटी फोन लावला.

पंधरवड्यानंतर नवी पेठेतल्या जिन्यावर पावलं वाजली. केसरबाई होती, बरोबर वैजयंती. सयाजी खाली रिक्षाजवळ थांबला होता, वर यायची अजून त्याला लाज वाटत होती. केसरबाईनं धम्मप्रियासाठी ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. ती टेबलावर ठेवून ती बसली मात्र नाही. तिनं दाराकडं हात केला.

दारात नऊवारीतली एक वाकलेली बाई उभी होती, कापऱ्या हातात पिशवी घट्ट धरून.

"ही अक्कम्मा," केसरबाई म्हणाली. "आमच्या गल्लीतली. कानडी बोलती, ऐकू कमी येतं, त्येबी उजव्याच कानानं. हिचं कोण ऐकून घेईना. म्हनलं, चल, आमची वकीलबाई हाय."

अक्कम्मा आत आली. तिनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि कानडीत अगदी हळू सुरुवात केली. कानडी समजणाऱ्या धम्मप्रियानं आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून ती तिच्या बऱ्या कानाच्या बाजूला ठेवली आणि ती ऐकायला बसली.